साक्षीची वाटी

निवृत्त होऊन घरी बसले तरी मुरबाडला आमच्या आळीत अर्ध्या लोकांना अजून वाटतं की मी मसाले विकायला जायचे. त्यांचं तरी काय चुकलं? रोज सकाळी माझ्या पत्र्याच्या पेटीत हळद, मीठ, खायचा सोडा, चुना, लिंबं, बटाटे, तांदूळ, अंडी भरली जायची आणि शंकरमामा जीप घेऊन दारात हॉर्न वाजवायचे. शंकरमामा आमचे ड्रायव्हर. माणूस सज्जन, पण हॉर्नचा नाद वाईट. मग आम्ही दोघं दिवसभर शहापूर-मुरबाडच्या शाळांतून आणि आश्रमशाळांतून हिंडायचो आणि मुलांना स्वयंपाकघरातलं विज्ञान दाखवायचो. एका संस्थेची ही फिरती प्रयोगशाळा होती. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर ती पेटी, स्टीलच्या वाट्यांची चळत आणि मी. पोरं आम्हाला ‘हळदीची गाडी’ म्हणायची.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे पोरखेळ वाटतो. वाटू दे. हळदीच्या पाण्यात चुना पडला की ते लालभडक होतं, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. साध्या पाण्यात बुडालेलं अंडं मिठाच्या पाण्यात वर येतं. जखमेला लावायचं ते तपकिरी आयोडीन भातावर टाकलं की भात निळा-काळा पडतो, काकडीवर टाकलं तर काही होत नाही. पोरं टाळ्या पिटायची. पण नुसत्या टाळ्या घेऊन मी कधी पुढच्या गावाला गेले नाही. माझा एक हट्ट असायचा. कुठलाही प्रयोग असो, एक वाटी बाजूला ठेवायची. तिच्यात बाकी सगळं तेच, फक्त ज्याची परीक्षा चाललीय ते घालायचं नाही. ती साक्षीची वाटी. ती काय सांगते ते बघितल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मास्तर लोक माझी थट्टा करायचे. एका हेडमास्तरांनी तर विचारलं, “बाई, ही रिकामी वाटी कशाला मिरवता? रॉकेट वगैरे उडवत नाही का?” मी म्हटलं, “उडवते की. तुम्ही बसा त्यावर.” त्या शाळेनं पुन्हा आम्हाला बोलावलं नाही.

म्हसाच्या जत्रेतही आम्ही टेबल मांडायचो. बैलबाजाराच्या तोंडाशी, धुळीत. तिथे एकदा एक दूधवाला ऐटीत पुढे आला, म्हणाला, आमच्या दुधाची करा परीक्षा. मी एका वाटीत त्याचं दूध घेतलं, दुसरीत मामांनी घरून आणलेलं, आणि दोन्हींत आयोडीनचा थेंब सोडला. त्याचं दूध निळं पडलं. पीठ घातलं होतं, दुसरं काय! पठ्ठ्या न डगमगता म्हणाला, “बाई, तुमचं औषध बाटलंय,” आणि किटली उचलून गर्दीत गेला. आम्ही दिवसभर हसत होतो.

असं हसणं फार वेळा वाट्याला यायचं नाही. ज्यांच्यापुढे आम्ही खाण्याच्या वस्तूंचे खेळ करायचो त्यातल्या बऱ्याच पोरांची पोटं रिकामी असायची. एका पाड्यावर मी बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं, फोड निळी झाली, मी फळ्याकडे वळले आणि परत बघते तो फोड गायब. एका चिमुरडीनं निळा भाग नखानं खरवडून टाकला होता आणि उरलेला बटाटा कच्चाच खाल्ला होता. मी ओरडले तशी ती म्हणाली, “निलं नाय खाल्लं बाई. निलं टाकलं.” त्यानंतर जीपमध्ये उकडलेल्या बटाट्यांचा डबा जायला लागला. आधी खायचं, मग प्रयोग. संस्थेतल्या साहेबांना ते रुचलं नाही. आपण अन्नछत्र चालवत नाही, म्हणाले. मी मान डोलावली आणि डबा नेत राहिले.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले तिकडे येते. ते मनातून काढून टाकायचा पुष्कळ प्रयत्न केला, निघत नाही.

डोळखांबच्या पुढे, डांबर संपतं तिथे एक शाळा आहे. तिथे सोनाली नावाची मुलगी सातवीत होती. काडीसारखी पोरगी, केसांना तेल नाही, पण डोळे असे की आपण बोलताना चुकलो तर तिला आधी कळायचं. हळद लाल झाली की बाकीची पोरं ओरडायची. ही विचारायची, “आनि चुन्याच्या जागी राख टाकली तं?” आम्ही चुलीतली राख आणून टाकली. हळद लालसर झाली. मग तिनं साबण विचारला, मग अंड्याचं कवच, मग तिच्या आजीची मशेरी. शंकरमामा जीपमधून हॉर्न वाजवत होते आणि आम्ही दोघी वाट्यांवर वाट्या मांडत होतो. इतक्या वर्षांत मला असं दुसरं मूल भेटलं नाही, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते.

त्या भादव्यात तिच्या पाड्यावर कावीळ शिरली होती. ओढ्याचं पाणी विहिरीत उतरलं होतं आणि सगळा पाडा तेच पीत होता. आम्ही शाळेत पोचलो तर वर्ग निम्मा रिकामा. सोनालीही नव्हती. प्रयोग संपवून मी पेटी भरत होते, तेवढ्यात जीपच्या मागून दबकी हाक आली.

“बाई, इकडं या. कुनाला बोलू नका.”

सोनाली होती. घरच्यांचा डोळा चुकवून शेताच्या बांधावरून पळत आली होती. धाप लागलेली, पण चेहरा फुललेला.

“बाई, मी साक्षीची वाटी केली.”

“कशाची गं?”

“कावलीची.”

आमच्याकडे कावीळ उतरवतात ती कशी, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. उतरवणारा माणूस आंब्याची आतली साल ओली करून रोग्याच्या हातांना चोळतो. मग त्या हातांवर चुन्याची निवळी, म्हणजे चुना खाली बसल्यावर वर उरतं ते स्वच्छ पाणी, ओततो. हातांवरून पिवळंधमक पाणी घमेल्यात पडतं. कावीळ निघाली! दिवसाआड असं करायचं. ज्या दिवशी पाणी स्वच्छ पडेल त्या दिवशी कावीळ संपली. आणि तोवर डॉक्टर नको, कारण काविळीवर सुई टोचली तर ती उलटते, अशी पक्की समजूत. पाड्यावर हे काम कमळूबाबा करायचे. म्हातारा माणूस, कुणाचं काही न घेणारा. फक्त नारळ घ्यायचा, तोही फोडून पोरांना वाटून टाकायचा. लबाड असता तर माझं काम सोपं झालं असतं.

सोनालीच्या घरात तिच्या वहिनीला कावीळ झाली होती. वनिता तिचं नाव. सातवा महिना लागलेला. कमळूबाबा येऊन उतरवत होते आणि सोनाली कोपऱ्यातून बघत होती. घरात कुणी नाही असं पाहून तिनं तीच साल घेतली आणि आपल्या एका हाताला चोळली. दुसऱ्या हाताला काहीच लावलं नाही. मग दोन्ही हातांवर निवळी ओतली.

“साल लावली तो हात पिवला. नाय लावली तो तसाच. बाई, मला तं कावील नाय. मग पिवलं आलं ते सालीचं ना?”

अहो, मी त्या पोरीला मिठीच मारली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनं स्वतःलाच साक्षीची वाटी केलं होतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांना म्हटलं, ऐकलंत का, ऐकलंत का हे?

“पन आयेनं बघितलं,” सोनाली म्हणाली. “ती रडाया लागली. बोलली, हिला बी लागली. आता मला भाईर जाऊ देत नाय. मीठ नाय, हलद नाय, नुसती पेज. कमलूबाबा माझी बी उतरवनार हायेत.”

माझं हसू विरलं. “आणि वहिनी कशी आहे?”

“झोपूनच हाय. सकाली माझ्याकडं बघून बोलली, तू कोनाची गो?”

मी डॉक्टर नाही. पण गरोदर बाईला ही कावीळ झाली आणि तिला माणसं ओळखेनाशी झाली की हातात फार वेळ नसतो, हे एका नर्सबाईंनी मला बजावून सांगितलेलं होतं. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता जीप पाड्याकडे वळवली.

वनिता ओटीवर गोधडीत पडली होती. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा. मी हाक मारली तर पापण्या हलल्या, पुन्हा मिटल्या. उशाशी तिचा नवरा, म्हणजे सोनालीचा दादा, गुडघ्यात डोकं घालून बसलेला. कमळूबाबा घमेलं पुढे ओढत होते.

“हिला आत्ताच्या आत्ता शहापूरला न्यायला हवं,” मी म्हटलं. “गाडी दारात आहे.”

“नाय बाई,” सोनालीची आई म्हणाली. “अजून पानी पिवलं येतंय. मधीच सुई मारली तं उलटंल. पोटात लेकरू हाय तिच्या.”

“ते पिवळं तिच्यातून येत नाही हो! सालीतून येतंय. तुमच्या सोनालीनं तेच तर दाखवलं.”

“सोनालीला बी लागलीय.”

आता मी हट्टाला पेटले. इतकी वर्षं हेच तर करत आले होते. म्हटलं, डोळ्यांदेखत दाखवते, मग कोण काय बोलतं ते बघू. पाड्यावरची माणसं दारात जमली होतीच. मी माझ्या हाताला साल चोळली. निवळी ओतली. पिवळं पाणी. शंकरमामांच्या हाताला चोळली. पिवळं पाणी. त्यांच्याच दुसऱ्या हातावर नुसती निवळी ओतली. स्वच्छ. मी विजयानं वर बघितलं.

मग दारातली एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, “अगो बाय! बाईला बी उतरवता येतंय!”

आणि ती पुढे सरकून माझ्यापुढे हात धरून बसली. तिच्यामागे आणखी एक. मी काहीतरी ओरडून सांगत होते, ऐकतंय कोण? कमळूबाबा तेवढे शांत होते. त्यांनी माझ्या हाताकडे, घमेल्याकडे बघितलं आणि हात जोडले.

“माझ्या हातानं दिस लागतात,” ते म्हणाले. “बाईंनी हिची आपल्या हातावर घेतली, एका पान्यात आली, दुसऱ्या पान्याला साफ. मोठा हात हाय. बाई सांगतील तसं करा.”

कपाळ माझं! मी ज्याला खोटं पाडायला आले होते त्यानं मला आपल्या जागेवर बसवलं, आणि तेही मनापासून. सोनाली मात्र आईचा पदर ओढत होती. “नाय गो आये, तसं नाय. त्या तसं नाय सांगत. ती साल...” आईनं तिला मागे ढकललं. सोनालीनं माझ्याकडे बघितलं. आता बाई बोलतील, असं त्या बघण्यात होतं.

मी वनिताकडे बघितलं. ओठ सुकलेले, श्वास घशात घरघरत होता.

“वरची मी उतरवली,” मी म्हटलं. “पोटातली राहिलीय. ती इथे उतरत नाही, शहापूरलाच उतरते. मी बरोबर येते. माझ्या समोर सुई उलटत नाही.”

माझाच आवाज मला परका वाटला. पण तो ऐकताच दादा उठला. कुणीतरी बांबू आणला, गोधडीची झोळी बांधली. ज्या घरात मी घसा कोरडा करून एक माणूस जागचा हलवू शकले नव्हते, तिथे या एका वाक्यानं सगळा पाडा उठला. आई माझ्या पायाशी वाकली. झोळी जीपकडे निघाली तेव्हा सोनाली माझ्या कोपराशी आली आणि हळू म्हणाली, “बाई, पन तुमच्या हातात तं काय नाय. साल होती ना ती?”

“गप्प बस,” मी तिला म्हटलं. “आता एक अक्षर बोलू नकोस.”

लोक मला विचारतील की पश्चात्ताप होतो का. नाही होत. आज तीच वेळ आली तर आजही तेच बोलेन, आणि याहून मोठ्यानं बोलेन. वनिता मेली असती हो.

शहापूरच्या डॉक्टरांनी तिला बघताच पुढे ठाण्याला पाठवलं. मी ॲम्ब्युलन्समध्ये बसून राहिले. सुई टोचायची वेळ आली की दादा माझ्याकडे बघायचा, मी हात वर करायचे, मग तो मान हलवायचा. नर्सला वाटलं मी कुणी बुवाबाईच आहे. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्याच नजरेनं मी आयुष्यभर अशा माणसांकडे बघत आले होते. मूल पोटातच गेलं. मुलगा होता. वनिता कितीतरी दिवस खाटेवर पडून होती आणि मग हळूहळू माणसं ओळखायला लागली.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेले. वनिता अंगणात बसून नाचणी पाखडत होती. मला बघून उठली, माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभी राहिली. तिची सासू आतून पाणी घेऊन आली. म्हणाली, “सून तुमी वाचवली बाई. नातू दवाखान्यानं खाल्ला.”

मी म्हटलं, असं नाही हो, दवाखान्यानंच वाचवली. उशीर झाला म्हणून मूल गेलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदरानं डोळे पुसले. मी मोठेपणा घेत नाही, एवढंच तिला त्यातून कळलं.

थंडीत आमची फेरी पुन्हा त्या शाळेत आली. जीप थांबते न थांबते तोच शाळेच्या आवारातल्या झाडाखालून दोन माणसं उठली. त्यांच्या मध्ये, दोघांच्या खांद्यांवर हात टाकलेला, तिसरा. वयानं तरणा, पण उभं राहवत नव्हतं. डोळे पिवळे. लांबच्या पाड्यावरून मोटारसायकलवर मध्ये बसवून आणला होता.

“लई दिस झाले बाई,” त्याचा भाऊ म्हणाला. “पोटात अन्न ठरत नाय. पन बोललो, हलदीची गाडी येनारच हाय. थांबलो.”

आजारी माणूस घरात ठेवून ही माणसं माझी वाट बघत बसली होती! कमळूबाबांकडेही गेली नव्हती, दवाखान्यातही नाही. मी म्हटलं, “माझ्या हातात काही नाही. कधीच नव्हतं. मी तेव्हा खोटं बोलले. याला तडक शहापूरला न्या.”

ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग भावानं पिशवीतून नारळ काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “आमचं काय चुकलं आसंल तं माफी करा.” मी साल आणि चुन्याचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. चिडले, हात जोडले, शेवटी रडकुंडीला आले. ती माणसं मातीत बसून राहिली. रोगी झाडाला टेकून डोळे मिटून होता. मी जितकं खरं बोलत होते तितका त्यांचा चेहरा पडत होता. बाई आपल्यावर रागावली आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

वर्गातून सोनाली बाहेर आली. थोडा वेळ दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं. मग पायऱ्या उतरून त्या माणसांसमोर आली.

“बाईंच्या हातातनं गेलंय ते,” ती म्हणाली. “माझ्या वहिनीला वाचवली ना, तवाच गेलं. त्यांना सांगाया लाज वाटते म्हनून त्या अशा बोलतात. आता कुनाचीच हितं उतरत नाय. शहापुरालाच जावा.”

दोघं ताडकन उठली. भावानं मला वाकून नमस्कार केला, त्यात कीव होती. मामांनी मला न विचारता जीपचं मागचं दार उघडलं. रोग्याला आत बसवून गाडी धुरळा उडवत निघून गेली. वेळेत पोचली. तो माणूस बरा झाला असं पुढे कळलं.

आवारात आम्ही दोघीच राहिलो. नारळ मधे तसाच पडला होता.

“सोनाली,” मी म्हटलं, “असं कशाला सांगितलंस गं?”

“तुमी खरं सांगत व्हत्या तवा ते बसून राहिले व्हते,” ती म्हणाली. रागानं नाही. धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “मी बी त्या दिशी खरंच सांगत व्हते, बाई. तुमी मला गप्प बस बोलल्या.”

घंटा झाली तशी ती वर्गात गेली.

त्यानंतरही मी त्या शाळेत जात राहिले, ती दहावीला दुसऱ्या गावी जाईपर्यंत. वाट्या मांडल्या, हळद लाल केली, पिवळी केली, पोरं ओरडली. सोनाली मागच्या बाकावर बसून नीट बघायची, सांगितलं तेवढं वहीत उतरवून घ्यायची. तिनं मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.